तीनदा नाही म्हणालेला देव

फार पूर्वी, देवांना अजून छपरं लागत नव्हती त्या काळातली ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि डोंगराच्या अंगावर एक राई होती. राईत देव होता. देव म्हणजे कमरेएवढा काळा दगड. त्याला नाक नव्हतं, डोळे नव्हते, भिंती नव्हत्या की दार नव्हतं. त्याच्या पायाशी एक झरा होता. झऱ्याचं पाणी पाटाने गावात यायचं. माणसं ते प्यायची, गुरं प्यायची, आणि उरलेलं भाताच्या खाचरांत जायचं.

राईचे नियम साधे होते. वहाणा बाहेर काढायच्या, कोयता-कुऱ्हाड बाहेर ठेवायची आणि आत पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. राईत वाकायचं ते फक्त नमस्काराला, असं जुनी माणसं सांगत. झाडं इतकी दाट होती की बाहेर पाऊस थांबला तरी आत पानांवरून दोन दिवस पाणी ठिबकत राही.

गावावर काही पेच आला की देवाला कौल लावत. ते काम गुरवाचं. राईतल्याच लाल फुलाच्या दोन पाकळ्या घ्यायच्या, झऱ्याच्या पाण्यात भिजवायच्या आणि देवाच्या छातीला एक उजवीकडे, एक डावीकडे अशा चिकटवायच्या. मग प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही म्हणाला. एक प्रश्न एकदाच विचारायचा, पुन्हा नाही.

त्या वेळचा गुरव भला माणूस होता. भला म्हणजे कुणाला नाही म्हणता न येणारा. अशी माणसं सगळ्यांना आवडतात, आणि जगातलं निम्मं नुकसान त्यांच्याच हातून होतं. लहानपणी बापाने त्याला पाकळ्या लावायला शिकवलं होतं. बाप म्हणाला होता, "दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवायच्या, पोरा. एक कमी भिजली तर ती आधी पडणार. मग तो कौल देवाचा नाही, तुझा."

तेव्हा शेजारी त्याची थोरली बहीणही बसलेली होती. मुलीच्या हातात कुणी पाकळ्या दिल्या नाहीत, पण तिने सगळं ऐकलं. पुढे ती विधवा होऊन माहेरी परत आली आणि गावाची सुईण झाली. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं होतं, म्हणून लहानथोर सगळे तिला आक्का म्हणत.

एका वर्षी शेजारच्या गावाने आपल्या देवाला देऊळ बांधलं. वर पितळेचा कळस चढवला. तिथल्या जत्रेला आपल्या गावची मंडळी गेली होती. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी सहज विचारलं, "तुमचा देव अजून पावसातच भिजतो का हो? सर्दी-पडसं होत नाही त्याला?" मस्करीच होती. पण गावच्या पाटलाने हातातला घास पानात परत ठेवला.

परत आल्यावर पाटलाने चावडीवर लोक जमवले.

"आपण छपराखाली निजतो आणि देव उघड्यावर," पाटील म्हणाला. "लाज वाटली पाहिजे आपल्याला. देऊळ बांधायचं."

"बांधू की. पण लाकूड कुठून आणायचं?" एकाने विचारलं.

"राईत काय कमी आहे? झाडं देवाची आणि देऊळही देवाचंच. देवाचं लाकूड देवाला. मधे आपण कोण?"

हे वाक्य लोकांना फार आवडलं. चार दिवस ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होतं. एखादं वाक्य इतकं आवडलं की मग ते कुणी उलटून पाहत नाही.

तरी गाव अजून भिऊन होतं. कौल घेतल्याशिवाय राईत कुऱ्हाड न्यायची कुणाची छाती नव्हती. सगळे राईत जमले. गुरवाने दोन पाकळ्या भिजवल्या, लावल्या आणि विचारलं, "देवा, राईतली पाच झाडं तोडू का?"

डावी पाकळी पडली.

"प्रश्नच चुकला तुझा," पाटील गुरवाला म्हणाला. "झाडं तोडू का म्हटलंस. देवाला वाटलं असेल, सरपणाला तोडतायत. तुझं देऊळ बांधू का, असं विचार."

दुसऱ्या दिवशी तसं विचारलं. डावी पाकळी पडली.

"देव भिडस्त आहे," पाटील म्हणाला. "स्वतःसाठी आपल्या तोंडाने कोण मागेल? घरी पाहुणा आला तर तोही वाढू नका, वाढू नका म्हणतो. आपण तीनदा आग्रह करतो की नाही?"

हे सगळ्यांना पटलं. आग्रहाशिवाय जेवणारा पाहुणा त्या गावाने कधी पाहिलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी पुन्हा कौल लावला. गुरवाचा प्रश्न संपायच्या आत डावी पाकळी खाली आली. लोक घरी गेले.

त्या संध्याकाळी पाटील गुरवाच्या अंगणात येऊन बसला. पाणी घेतलं, पान घेतलं आणि म्हणाला, "गुरवा, तुझ्या हाताला यश नाही, असं लोक म्हणायला लागलेत. दुसरा गुरव आणा म्हणतात. मी म्हटलं, सात पिढ्यांचा मान आहे, एकदम कसा काढायचा? उद्या एकदा आणखी लावू दे त्याला."

"पाटील, मी पाकळ्या नीटच लावतो हो," गुरव म्हणाला.

"मग आणखी नीट लाव. खोटं कर असं मी म्हणतच नाही." आणि पाटील उठून गेला.

गुरवाने पुष्कळ विचार केला. खरं सांगायचं तर देऊळ त्यालाही हवं होतं. श्रावणात देवापुढचा दिवा वाऱ्याने विझे, आणि तो पुन्हा लावायला त्याला चिखलातून डोंगर चढावा लागे. देवालाही हवंच असेल, त्याने मनाशी म्हटलं. आपण फक्त त्याची भीड मोडायची.

चौथ्या दिवशी त्याने डावी पाकळी पाण्यात चांगली बुडवली आणि उजवी नुसती पाण्याला टेकवली. देवाला लावल्या, प्रश्न विचारला. थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली. लोकांनी जयजयकार केला. पाटलाने डोळे पुसले, आणि ते रडणं खरंच होतं.

आक्का मागे उभी होती. तिथून तिला पाकळ्या दिसत नव्हत्या. भावाचे हात दिसत होते. एक पाण्यात मनगटापर्यंत गेला, दुसरा टेकताच वर आला.

दिवेलागणीला तिने त्याला विचारलं, "आज उजवी पाकळी किती भिजवलीस?"

"देवाने दिला तो कौल खरा, आक्का."

"देवाला नाही विचारत मी. तुला विचारतेय."

गुरव समईची वात पुढे-मागे करत बसला. आक्का निघून गेली.

दोन दिवसांनी बारा माणसं कुऱ्हाडी घेऊन राईच्या कडेला उभी राहिली, आणि बघायला पाटील, गुरव आणि गावच्या बायका मागे जमल्या. वहाणा त्यांनी सवयीने बाहेर काढल्या होत्या. आत गेल्यावर मात्र पहिला घाव घालायला कुणी पुढे होईना. जो तो दुसऱ्याला म्हणे, तू कर सुरुवात. तेवढ्यात आक्का तिथे आली.

"देव हो म्हणाला, ऐकलं मी," ती म्हणाली. "आता तुमचं म्हणणं सांगा. हे झाड आडवं झालेलं ज्याला बघवेल, त्याने हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. सगळे देवाकडे बघायला लागले.

"आक्का, आपण कोण ठरवणारे?" पाटील म्हणाला. "कर्ता करविता तो. आपण नुसते निमित्त."

"बाळंतपण अडलं की मीही म्हणते, कर्ता करविता तो," आक्का म्हणाली. "पण आधी हात धुते आणि मग म्हणते."

मागच्या दोन-चार बायका हसल्या. पाटील हसला नाही. "तू काय देवापेक्षा शहाणी झालीस?" त्याने विचारलं.

आक्काने भावाकडे पाहिलं. त्याने तेव्हा तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मला पुढचं सांगावं लागलं नसतं. पण त्याने मान खाली घातली. सगळ्यांसमोर सांगून टाकावं, असं आक्काच्याही ओठांवर आलं होतं. पण भावाचं सात पिढ्यांचं काम जाईल, त्याच्या एकुलत्या एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडेल, हेही तिला दिसत होतं. ती घरी निघून गेली.

मग पहिली कुऱ्हाड पडली. ज्याने ती मारली त्याने आधी देवाला हात जोडले आणि म्हटलं, "तुझी आज्ञा." बाकीच्या अकरा जणांनीही तेच म्हटलं.

पाच झाडांत देऊळ उभं राहिलं. मग देवळापुढे सभामंडप हवासा वाटला, म्हणून पुन्हा कौल लावला. मग पाहुण्यांना उतरायला ओवरी, मग नगारखाना, मग विटा भाजायला सरपण. दर वेळी उजवी पाकळी पडली. गुरव आता विचार करत बसत नसे. आपला देव फार मोकळ्या मनाचा आहे, असं लोक कौतुकाने सांगत. देवळाचं लाकूड तोडताना चार ओंडके कुणाकुणाच्या घरी जायचे. ते प्रसादाचे म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नसे.

तीन वर्षांत राईच्या जागी बुंध्यांचं रान झालं. देवळावर कळस चढला, तोही शेजारच्या गावापेक्षा हातभर उंच. त्या गावची माणसं जेवायला आली, कळसाकडे मान वर करून पाहिलं आणि मुकाट्याने जेवली. गाव इतकं आनंदात कधीच नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात डोंगरावरून तांबडं पाणी लोंढ्याने खाली आलं आणि खाचरांत हातभर माती टाकून गेलं. पाऊस थांबला तसं पाणीही थांबलं. आता डोंगरावर ते दोन दिवस ठिबकत ठेवणारं कुणी नव्हतं. माघात पाट बारीक झाला. चैत्रात झऱ्याला करंगळीएवढी धार राहिली, आणि वैशाख लागायच्या आत तीही थांबली. बायका दोन कोसांवरच्या नदीवर जायला लागल्या. पहाटे निघायच्या आणि दुपार कलल्यावर परतायच्या.

झऱ्याचं पाणी संपत आलं तेव्हा गुरवाने तांब्याभर पाणी देवळात झाकून ठेवलं होतं. कौलाला झऱ्याचंच पाणी लागतं, दुसरं चालत नाही, असा नियम होता. राईचे बाकी सगळे नियम मोडले होते, पण हा एक गावाने काटेकोर पाळला.

गुरवाच्या मुलीचं लग्न तोवर झालं होतं आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वैशाखातल्या एका दुपारी, दिवस भरायच्या आधीच, तिला कळा सुरू झाल्या. तिची आई नदीवर गेलेली. घरात होतं तेवढं पाणी सकाळीच संपलेलं, शेजारीपाजारीही तेच. आक्का धावत आली, तिने रांजण कलता करून पाहिला आणि भावाला म्हणाली, "देवळातला तो तांब्या घेऊन ये. मला हात धुवायचेत. आजच नांगराच्या बैलाची जखम बांधून आलेय मी. धाव."

गुरव धावला. देवळात सगळं गाव जमलेलं होतं. पाटील मधोमध बसला होता.

"बरा आलास. तुलाच बोलवायला माणूस पाठवत होतो," पाटील म्हणाला. "पाणी परत येणार का ते देवाला विचारायचंय. कौल लाव."

"पाटील, पोर अडलीय. आक्काला हात धुवायला पाणी हवंय. हा तांब्या नेतो आणि येतो."

"अरे, तो अख्ख्या गावाचा तांब्या. कौलाला पाणी लागतं ते किती? दोन थेंब. तेवढा कौल लाव आणि उरलेलं ने की खुशाल."

पाटलाचं बोलणं अगदी रास्त होतं. तसं ते नेहमीच असायचं. आणि गुरव भला माणूस होता. त्याने पाकळ्या हातात घेतल्या. फुलंही आता शेजारच्या गावातून आणलेली असत. या वेळी त्याने दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवल्या, बापाने शिकवलं होतं तशा. पण देवाचा दगड तापलेला होता. पूर्वी वर झाडं होती, खाली झरा होता, दगड नेहमी गार असे. आता त्याने पाकळ्यांचं पाणी क्षणात पिऊन टाकलं आणि दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या.

"असं कसं? पुन्हा लाव," पाटील म्हणाला.

गुरवाने पुन्हा लावल्या. पुन्हा दोन्ही पडल्या. आधी दगड ओला कर, एक जण म्हणाला. गुरवाने ओंजळभर पाणी दगडावर ओतलं. दगडाने तेही प्यायलं. आणखी एक ओंजळ घाल, दुसरा म्हणाला. शेवटी पाकळ्या बुडवायला गुरवाने तांब्यात बोटं घातली तेव्हा ती कोरड्या बुडाला लागली. पाणी येणार का, हे विचारण्यात पाणी संपलं होतं.

तो रिकामा तांब्या घेऊन घरी पोचला तेव्हा मुलगी झालेली होती. बाळ रडत होतं, चांगलं ठणठणीत होतं. आक्का कोपऱ्यात बसून आपल्या हातांकडे बघत होती. ती तांब्याकडे वळलीही नाही.

तिसऱ्या दिवशी बाळंतिणीला ताप भरला. आक्काला येत होतं तेवढं सगळं तिने केलं. सातव्या दिवशी गुरवाची मुलगी गेली. समाचाराला आलेल्या बायका म्हणाल्या, "देवाची मर्जी. त्याच्यापुढे कुणाचं काय चालतं?"

आक्का म्हणाली, "देवाची मर्जी मला ठाऊक नाही. माझे हात धुतलेले नव्हते, हे ठाऊक आहे."

बायका खाली बघत उठून गेल्या.

मुलीचे दिवस होऊन गेले आणि गाव पुन्हा देवळात जमलं. आता प्रश्न होता, झरा कुणाच्या पापाने आटला? लोक गुरवाची वाट बघत होते. तो आला, पण पाकळ्यांच्या ताटलीला त्याने हात लावला नाही.

"हे देवाला विचारायची गरज नाही," तो म्हणाला. "देव तीनदा नाही म्हणाला होता, तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय. चौथ्यांदा जो हो म्हणाला तो देव नव्हता, मी होतो. उजवी पाकळी मी कोरडी ठेवली होती. त्यानंतरचे सगळे कौलही मीच दिले."

 देवळात एकेकाचा श्वास मोकळा झाला, आणि तो रागाचा नव्हता. इतक्या महिन्यांनी गावाला हायसं वाटलं होतं.

"तरीच," एक जण म्हणाला.

"आम्ही तर देवाचं ऐकून तोडली झाडं," ज्याने पहिला घाव घातला होता तो म्हणाला. "आम्हांला काय ठाऊक?"

पाटील म्हणाला, "मी तुला नीट लाव म्हटलं होतं, गुरवा. खोटं लाव म्हटलं नव्हतं. देव साक्षीला आहे."

"नव्हतंच म्हटलं तुम्ही," गुरव म्हणाला. "मी कुठे तुमच्यावर ढकलतोय?"

आक्का तान्ह्या नातीला पदरात घेऊन दारापाशी उभी होती. ती आत आली. "याचं याने सांगितलं," ती म्हणाली. "आता माझं ऐका. याने काय केलं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. याच्या घरासाठी मी तोंड शिवून बसले, आणि तेच घर आज ओकंबोकं झालं. पाकळी एकाने कोरडी ठेवली. कुऱ्हाडी बारा जणांनी उचलल्या. ओंडके वाहायला सगळं गाव होतं. आणि देव तीनदा नाही म्हणाला तेव्हा तुम्हां सगळ्यांना डोळे होते. आता एकेकाने आपापलं सांगा. मग झऱ्याचं काय करायचं ते बघू. माणसं आहोत आपण, काहीतरी करता येईल."

  कुणी घसा साफ केला, कुणी उपरण्याने वारा घेतला. बोललं कुणी नाही.

शेवटी पाटील म्हणाला, "आपल्या बोलण्याला काय अर्थ? आपण देवालाच विचारू. नवा गुरव आणू आणि खरा कौल लावू."

हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

जुन्या गुरवाचं काम गेलं. आठ दिवसांत शेजारच्या गावातून नवा गुरव आणला. पण झऱ्याचं पाणी नव्हतं आणि नदीचं पाणी कौलाला चालत नव्हतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पंचामृतासाठी ठेवलेला मध देवळात आहे. मधाबद्दल नियमात काहीच म्हटलेलं नव्हतं. नव्या गुरवाने दोन पाकळ्या मधात बुडवल्या, देवाच्या छातीला लावल्या आणि विचारलं, "देवा, दोष एकट्या जुन्या गुरवाचाच का?"

सगळे पाकळ्यांकडे बघत बसले. मधाने चिकटवलेली पाकळी पडत नाही. संध्याकाळ झाली तरी उजवी पडली नाही की डावी पडली नाही. उद्या पडेल, पाटील म्हणाला. दुसऱ्या दिवशीही लोक येऊन बसले. कुणी हात लावायचा नाही, फुंकर घालायची नाही, असं ठरलं होतं. कारण हा कौल खरा हवा होता.

महिना गेला, वर्ष गेलं. पाकळ्या वाळून काळ्या झाल्या आणि दगडाला चिकटल्या त्या चिकटल्याच. पाण्यावाचून एकेक घर गाव सोडून जायला लागलं. जाणारा प्रत्येक जण देवळापुढे हात जोडून सांगे, कौल मिळाला की निरोप पाठवा, परत येतो. सगळ्यांत शेवटी पाटील गेला. त्यानंतर निरोप पाठवायलाही कुणी उरलं नाही.

उरलं एकच घर. त्यात गुरव होता, त्याची बायको होती, आक्का होती आणि आईवाचून वाढणारी ती मुलगी होती. गुरव रोज दोन कोसांवरून कावडीने पाणी आणायचा. निम्मं घरात द्यायचा आणि निम्मं डोंगरावर घेऊन जायचा. जुन्या बुंध्यांना कुठे कोंब फुटलेले असत, त्यांच्या मुळाशी ओंजळ-ओंजळ घालायचा. बरेचसे कोंब उन्हात करपून जात. मग तो नवं बी रुजत घाली.

एकदा आक्काने त्याला विचारलं, "देवाला विचारलंस का?"

"नाही, आक्का. त्याने आधीच सांगितलं होतं. आता हे माझं मी करतोय."

"झरा येईल परत?"

"तुझ्या-माझ्या हयातीत नाही यायचा," गुरव म्हणाला, आणि पुढच्या बुंध्याकडे गेला.

झरा आला नाही. आक्का गेली, काही वर्षांनी गुरवही गेला. तेव्हा डोंगरावर माणसाच्या उंचीची अकरा झाडं होती. एवढ्या डोंगरावर अकरा म्हणजे काहीच नाही. त्यांच्या सावलीत एक माणूस नीट बसला नसता. गुरवाची नात मात्र आजोबांची कावड खांद्यावर घेऊन रोज वर जायची. त्या डोंगरावर एकेकाळी दुपारीही गारवा असे, हे तिने फक्त ऐकलेलं होतं.

देऊळ अजून उभं आहे. कळस काळा पडलाय, ओवरीत गवत वाढलंय. आत देवाच्या छातीला दोन काळ्या पाकळ्या आहेत, एक उजवीकडे आणि एक डावीकडे.

तात्पर्य: देवाला जरूर विचारावं, पण तो नाही म्हणाला तर तेही ऐकावं; कारण पाकळी भिजवणारा आणि कुऱ्हाड उचलणारा हात आपलाच असतो, आणि त्या हाताने केलेल्याचा जाब देवावर ढकलता येत नाही.